सभामंडप भरला आणि काकूंनी गोळ्या सोडल्या

पत्राचा सारांश: देवगड तालुक्यातल्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताई बी.एस्सी. आहेत, पतपेढीत नोकरी करतात आणि गावच्या वाचनालयाच्या कमिटीत त्या एकट्याच बाई आहेत. मन, मेंदू, माणसाचा स्वभाव, विश्वाची सुरुवात अशा विषयांवरची व्याख्यानं त्या कित्येक वर्षं मोबाईलवर ऐकतात, भाकऱ्या भाजताना आणि एसटीतही. त्यांच्याच आग्रहानं वाचनालयानं दिवाळीनंतर विज्ञानाची व्याख्यानमाला सुरू केली. पहिल्या वर्षी कॉलेजातले एक प्राध्यापक गुरुत्वलहरींवर बोलले, तेव्हा पंधरा-वीस माणसं आली. दुसऱ्या वर्षी ‘क्वांटम आणि मनाची शक्ती’ या विषयावर बाहेरगावचे एक वक्ते बोलले आणि देवळाचा सभामंडप भरून लोक पायऱ्यांवर बसले. वक्त्यांनी सांगितलं की बघणाऱ्याच्या मनानं वास्तव बदलतं हे भौतिकशास्त्रानं सिद्ध केलं आहे. मग आजार हाही एक विचारच, तो बदलला की आजार जातो. त्यानंतर महिन्याभरात ताईंच्या चुलतसासूबाईंनी, म्हणजे काकूंनी, बीपीच्या गोळ्या बंद केल्या. ‘माका आता बरा वाटता, मगे गोळये कित्याक घेव?’ असं त्या म्हणतात. कमिटीला यंदाही तेच वक्ते हवेत. मानधन मुंबईच्या ग्रामस्थ मंडळानं कबूल केलं आहे, आणि ‘लोकांना हवं ते द्यावं’ असं अध्यक्षांचं म्हणणं आहे. ताई विचारतात: विरोध करू की राजीनामा देऊ? पीएच.डी. झालेल्या माणसाला मी कशी खोडणार? आणि ज्या व्याख्यानांवर मी इतका जीव लावला, त्यांतलं तरी खरं किती?

ताई,

व्याख्यानमालेकडे मी येतेच, पण आधी काकू. कमिटीची सभा पुढच्या महिन्यात असेल. काकूंचं काम या आठवड्यातलं आहे.

रक्तदाब वाढलेला असला तरी बहुतेकांना काही म्हणजे काही जाणवत नाही. भूक लागते, झोप लागते, माणूस बागेत फिरून येतो. म्हणून ‘मला बरं वाटतंय’ हे काकूंचं म्हणणं शंभर टक्के खरं असेल आणि तरीही त्यांचा रक्तदाब वर असेल. त्यांना खोटं पाडायला जाऊ नका, कारण त्या खोटं बोलत नाहीयेत. एवढंच म्हणा, ‘काकू, बरं वाटतंय ना, मग मोजून बघूया.’ आरोग्य उपकेंद्रात किंवा आशाताईंकडून मोजून घ्या. मोजण्याआधी अर्धा तास चहा नको, पाच मिनिटं शांत बसू दे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० याच्या पुढे सारखा येत असेल तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका. आकडा ठीक आला तरीही जाच, कारण गोळ्या बंद आहेत हे डॉक्टरांना ठाऊक असायला हवं. काही गोळ्या एकदम सोडल्या तर रक्तदाब पूर्वीपेक्षाही वर उसळतो. घरातलं जुनं पाकीट काढून आपल्या मनानं पुन्हा सुरू करायलाही लावू नका. किती दिवस बंद होत्या ते खरं सांगा आणि पुढचं डॉक्टरांना ठरवू द्या.

आता एक गोष्ट मला विचारावीशी वाटते. व्याख्यान ऐकलं म्हणून काकूंनी गोळ्या सोडल्या, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं असेलही. पण गोळ्या सोडायचं माणसाच्या मनात आधीपासून असतं आणि व्याख्यान त्याला निमित्त देतं, असंही घडतं. रक्तदाबाच्या एका नेहमीच्या गोळीनं पावलं सुजतात, दुसरीनं सारखं लघवीला जावं लागतं. रात्री परसात जावं लागणाऱ्या बाईला हा त्रास मोठा वाटतो आणि तो ती पुरुष डॉक्टरला सांगत नाही. कुणाला दर महिन्याच्या खर्चाचा संकोच वाटतो. काकूंजवळ बसून विचारा, गोळ्यांनी काही होत होतं का? होत असेल तर गोळी बदलता येते, वेळ बदलता येते, सरकारी केंद्रातून औषध मिळू शकतं. हे उत्तर तुमच्या हाती आलं नाही तर उद्या वक्ता बदलूनही काकूंच्या गोळ्या सुरू होणार नाहीत.

आणि ‘मनाचा शरीरावर काहीच परिणाम होत नाही’ असं मात्र त्यांना सांगू नका, कारण ते चुकीचं आहे. १९७८ साली अमेरिकेत अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक अभ्यास झाला. औषध म्हणून नुसतंच, गुण नसलेलं इंजेक्शन दिलं तरी काहींचं दुखणं कमी झालं. मग नॅलोक्सोन नावाचं औषध दिल्यावर तो आराम ओसरला. नॅलोक्सोन हे अफूच्या जातीच्या औषधांचा परिणाम रोखतं. म्हणजे विश्वासामुळे मेंदूनं स्वतःच वेदनाशामक द्रव्यं सोडली होती. दुखणं, मळमळ, थकवा, धास्ती या गोष्टींत मनाला खरोखर वाव आहे. त्या वक्त्यांचं व्याख्यान ऐकून पायऱ्यांवर बसलेल्या लोकांना हलकं वाटलं असेल, तर ते वाटणं खरं आहे. पण त्या वाटण्यावरून रक्तवाहिन्यांतला दाब किती हे कळत नाही. त्याला पट्टाच बांधावा लागतो.

आता ते क्वांटम, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनसारख्या अतिसूक्ष्म कणांचं शास्त्र. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या पत्रातली खरी धास्ती इथेच आहे. ‘ते पीएच.डी. आहेत, मी कोण?’

ज्या प्रयोगाचा आधार घेऊन ‘बघण्यानं वास्तव बदलतं’ म्हणतात, तो दोन फटींचा प्रयोग. इलेक्ट्रॉन एकेक करून दोन बारीक फटींकडे सोडले तर पलीकडच्या पडद्यावर हळूहळू लाटांसारखे पट्टे उमटतात. कोणत्या फटीतून गेला हे नोंदवायची सोय केली की पट्टे पुसले जातात. इथवर सगळं खरं, आणि थक्क करणारं आहे. व्याख्यानात घसरण होते ती पुढच्या पायरीवर, ‘म्हणजे माणसाच्या मनानं ते पट्टे पुसले’ असं म्हटलं की. प्रयोगाला बघणारा माणूस लागतच नाही. खोली बंद करून सगळे घरी गेले, नोंद कुणी वाचलीच नाही, तरी पट्टे पुसलेलेच राहतात.

याचा फार सुंदर पुरावा व्हिएन्नात मिळाला. भौतिकशास्त्रज्ञ अँटन झायलिंगर यांच्या गटानं १९९९ साली कार्बनचे साठ अणू असलेले चेंडूसारखे रेणू घेतले आणि तेही पट्टे उमटवतात हे दाखवलं. मग २००४ साली त्याच गटातल्या शास्त्रज्ञांनी सत्तर अणूंचे रेणू आधी लेसरनं तापवले. जसजसे रेणू जास्त तापलेले, तसतसे पट्टे फिके होत गेले आणि शेवटी नाहीसे झाले. कारण तापलेला रेणू उडता उडता उष्णतेचे किरण बाहेर टाकतो आणि त्या किरणांतून तो कुठे आहे याची खूण आजूबाजूला जाते. तेवढं पुरतं. तिथे कुणाचं मन नव्हतं, कुणाची इच्छा नव्हती, गरम रेणू आणि त्याची ऊब एवढंच होतं. ‘मग सर, रेणू नुसता तापला तरी पट्टे का जातात?’ हा प्रश्न तुम्ही सभामंडपात विचारू शकता. त्याला पीएच.डी. लागत नाही. ज्यांनी विषय नीट अभ्यासला आहे ते या प्रश्नानं खूश होतील.

वक्त्यांच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी. मोजमापात जाणिवेचा हात असावा, असं भौतिकशास्त्रज्ञ युजीन विग्नर यांनी १९६१ साली गंभीरपणे मांडलं होतं. दोनच वर्षांनी त्यांना नोबेल मिळालं, तेही वेगळ्या कामासाठी. म्हणजे ही कल्पना कुणा भोंदूनं काढलेली नाही. पण पुढे विग्नर यांनी स्वतःच ती सोडली. मेंदूत क्वांटम घडामोडी जाणिवेला जन्म देत असतील असं गणिती भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोज आणि भूलतज्ज्ञ स्टुअर्ट हॅमेरॉफ मांडत आले आहेत. उलट भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स टेगमार्क यांनी २००० साली गणित करून दाखवलं की मेंदूसारख्या उबदार, ओलसर जागी अशी नाजूक क्वांटम अवस्था फार तर सेकंदाच्या दहा लाख कोटी भागांपैकी एका भागापुरती टिकेल, आणि एक विचार यायला लागणारा वेळ त्यापुढे अफाट मोठा आहे. हा वाद चालू आहे आणि चालू राहो. मात्र या वादातल्या एकाही बाजूनं ‘म्हणून औषध सोडा’ असं म्हटलेलं नाही. ही उडी वक्त्यांची स्वतःची आहे. तिचा जाब त्यांना विचारण्यासाठी तुमची बी.एस्सी. भरपूर झाली. खरं तर काकूंची सातवीही पुरेल.

तुम्ही जीव लावलेल्या व्याख्यानांचं काय, हा तुमचा तिसरा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटला. इतरांचं खोटं शोधणारे पुष्कळ असतात, आपल्या आवडत्या गोष्टीकडे असं बघणारे थोडे.

माणसाच्या स्वभावावरच्या व्याख्यानांत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या नकली तुरुंगाची गोष्ट तुम्ही नक्की ऐकली असेल. १९७१ साली मानसशास्त्रज्ञ फिलिप झिंबार्डो यांनी विद्यार्थ्यांतले काही कैदी केले, काही पहारेकरी. दोन आठवडे चालायचा प्रयोग पहारेकऱ्यांच्या क्रौर्यामुळे सहा दिवसांत थांबवावा लागला. त्यावरून सांगतात की सत्ता मिळाली की कुणीही साधा माणूस राक्षस होतो. पुढे तिबो ल तेक्सिए या फ्रेंच संशोधकानं त्या प्रयोगाची कागदपत्रं आणि ध्वनिमुद्रणं तपासली. कडक वागायच्या सूचना पहारेकऱ्यांना आधीच मिळालेल्या होत्या, असं त्यातून दिसलं. क्रौर्य आपोआप उगवलं नव्हतं, त्याला वरून खतपाणी होतं. तसंच किटी जेनोव्हेस या तरुणीचं. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये तिचा खून झाला आणि अडतीस माणसं नुसती बघत राहिली असं छापून आलं. गर्दीत कुणी मदतीला येत नाही, या मुद्द्यावर बोलताना ही गोष्ट अजून सांगतात. पण अडतीस जणांनी सगळं पाहिलं आणि स्वस्थ बसले हे वर्णन चुकीचं होतं, असं ते छापणाऱ्या वर्तमानपत्रानंच २०१६ साली लिहिलं. पुढे लँकेस्टर, ॲमस्टरडॅम आणि केप टाऊन या शहरांतल्या रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचं कॅमेऱ्यातलं चित्रण संशोधकांनी बघितलं. दहातल्या नऊ भांडणांत कुणी ना कुणी मध्ये पडलं होतं.

या दोन्ही गोष्टी सांगणारे वक्ते लबाड नव्हते. त्यांनी त्या काळी पुस्तकात होतं ते सांगितलं. २०१५ साली मानसशास्त्रातले शंभर अभ्यास पुन्हा करून बघितले, तेव्हा साधारण ३६ टक्के अभ्यासांतच आधीसारखा ठोस निष्कर्ष पुन्हा मिळाला. हे ऐकून काहींना वाटतं, सगळंच फुकट. मला उलट वाटतं. आपल्याच घरातली भांडी वाजवून बघायची, तडा गेलेली बाजूला काढायची, हे त्याच शास्त्रातल्या लोकांनी केलं आणि आकडा जाहीर केला. म्हणून तुमची ऐकण्यातली वर्षं वाया गेली असं समजू नका. इथून पुढे ऐकताना काही गोष्टी मनात विचारत चला: हा प्रयोग किती जणांवर केला, कुणावर केला, दुसऱ्या कुणी करून बघितला का, आणि हे चूक असतं तर कशावरून कळलं असतं? शेवटचा प्रश्न सर्वांत जड. ‘विचार बदला, आजार जातो’ याला तो लावून बघा. आजार गेला नाही तर ‘तुमचा विचार पुरेसा बदलला नाही’ असं उत्तर येतं. म्हणजे हा दावा कधीच चुकीचा ठरत नाही, आणि आजारी माणसावर वर दोषही येतो. मला या व्याख्यानांचा राग येतो तो यासाठी. बरा न झालेला माणूस घरी जाऊन स्वतःलाच अपराधी समजतो.

आता गर्दीकडे वळू. लोकांना विज्ञान नको, दिलासा हवा, असा निष्कर्ष तुम्ही दोन व्याख्यानांवरून काढला आहे. दोन व्याख्यानं म्हणजे फारच थोडं, ताई. आणि दोन्हींत फरक एकाच गोष्टीचा नव्हता. तुम्हीच लिहिलंय की प्राध्यापकांच्या पडद्यावर सगळं इंग्रजी होतं, मधेच लाईट गेली, आणि दुसरे वक्ते मात्र झोप, मुलांची काळजी, मुंबईला गेलेली माणसं, एकटं घर याबद्दल बोलले. मंडप भरला तो क्वांटमनं भरला असं मला वाटत नाही. कुणीतरी आपल्याबद्दल बोललं म्हणून लोक थांबले. गणपती आणि शिमग्याला भरणारी आणि उरलेलं वर्ष दोन म्हाताऱ्यांवर उभी असणारी घरं तुमच्या गावात किती असतील, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या माणसांना मनाबद्दल ऐकायचंय यात गैर काय? मग खरं सांगणारं कुणीतरी आणा. जवळच्या कॉलेजातले मानसशास्त्राचे शिक्षक, जिल्हा रुग्णालयातले मनोविकारतज्ज्ञ. झोप वयानुसार कशी बदलते, दुःख किती काळ राहिलं तर डॉक्टरांना विचारावं, एकटेपणाचं काय करावं, यावर त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं. त्याच मंडपात फळ्यावर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोठ्या अक्षरात लिहा. सरकारची ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून चालू आहे.

आणि त्या गुरुत्वलहरी! तो विषय किनाऱ्यावरच्या गावाला परका नाही, त्याचं दार चुकलं. तुमच्याकडच्या, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकऱ्यांना विचारा, भरती कधी भरणार ते घड्याळाशिवाय सांगतील: तिथीची पाऊणपट. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. म्हणजे भरती रोज अठ्ठेचाळीस मिनिटांनी पुढे जाते. पुस्तकात हा आकडा साधारण पन्नास मिनिटं आहे. पृथ्वी एक फेरी पुरी करते तोवर चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो, त्याला गाठायला तेवढी मिनिटं जास्त लागतात. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात म्हणून उधाण, अष्टमीच्या सुमारास काटकोनात ओढतात म्हणून भांग, म्हणजे कमी जोराची भरती. इथून सुरुवात केली असती तर पहिल्या पाच मिनिटांत चार जणांनी वक्त्यांना दुरुस्त केलं असतं, आणि सभा वक्त्यांची न राहता गावाची झाली असती. मग ‘चंद्र समुद्राला ताणतो, तसं फार दूरच्या कृष्णविवरांच्या धडकेनं जागाच ताणली-आखडली जाते’ हे सांगायला वाट मोकळी होती. १४ सप्टेंबर २०१५ला अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी पकडलेली लहर अशाच एका धडकेतून निघून सव्वाशे कोटी वर्षांहून अधिक प्रवास करून आली होती. चार किलोमीटर लांबीच्या नळीत तिनं केलेला फरक प्रोटॉनच्या रुंदीहून शेकडोपटीनं लहान होता, आणि तो माणसानं मोजला. हे ऐकून अंगावर काटा येतो. मनाच्या शक्तीची फोडणी त्याला लागत नाही. त्या प्राध्यापकांना पुन्हा बोलवा, असं मी आग्रहानं सांगेन. आधी त्यांना रापणीवर घेऊन जा.

मेंदूवर काही हवं असेल तर एक प्रयोग तुम्ही स्वतःच मंडपात करू शकता. गादी, उशी, पांघरूण, रात्र, जांभई, स्वप्न, घोरणं, पलंग, अंगाई, डुलकी, दमणूक, पहाट असे शब्द सावकाश वाचा. दोन मिनिटं दुसऱ्या गप्पा मारा. मग विचारा, यात ‘उशी’ होता का? ‘नारळ’ होता का? ‘झोप’ होता का? ‘झोप’ला बरेच हात वर येतील, आणि तो शब्द यादीत नव्हता. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि मॅक्डर्मट यांनी १९९५ साली अशा याद्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हापासून तो जगभर असंख्य वेळा करून झाला आहे, आणि हे सारखं घडतं. आठवण ही साठवलेली वस्तू नसून मेंदू ती दर वेळी नव्यानं जुळवतो, हे लोकांना स्वतःच्या वर केलेल्या हातावरून समजतं. वक्त्यावर विश्वास ठेवायची गरज उरत नाही.

‘आमच्याकडे व्याख्यानानंतर प्रश्न विचारत नाहीत, लोक लाजतात,’ असं तुम्ही लिहिलंय. ताई, हे मी सिंधुदुर्गाबद्दल मानायला तयार नाही. डबलबारीला दोन बुवा समोरासमोर बसतात, एक भजनातून कोडं टाकतो, दुसरा ते उलगडून वर प्रतिप्रश्न करतो, आणि गाव पहाटेपर्यंत जागा राहतो. कोण अडला, कोण निसटला हे म्हाताऱ्या बायकाही बरोबर ओळखतात. ज्या गावाला सवाल-जवाबाचा एवढा कान आहे ते विज्ञानासमोर गप्प बसतं, कारण तिथे त्याला गप्प बसायचं असतं असं शिकवलंय. हार, श्रीफळ, वक्त्याचा लांबलचक परिचय, शेवटी घाईत आभार आणि राष्ट्रगीत, यात प्रश्नाला जागा कुठे आहे? परिचय दोन वाक्यांत आटपा. पाऊण तास बोलणं, पाऊण तास प्रश्न, असं पत्रिकेवरच छापा. ज्यांना उभं राहून बोलवत नाही त्यांच्यासाठी दारात पोस्टकार्डं ठेवा. जयंत नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि उत्तर धाडत. कार्डावर नाव लिहायची सक्ती नको. काकूंचा प्रश्न कदाचित तिथूनच येईल: ‘मी बीपीची गोळी बंद करू का?’ तो वक्त्यांसमोर आणि गावासमोर मोठ्यानं वाचला जाऊ दे.

तुमच्या मनात शंका असेल की गावाला आवडलेली गोष्ट चूक आहे म्हटलं तर लोक दुखावतील. तुमच्या तालुक्यातलंच उदाहरण घ्या. विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ नावाचे चौथरे दाखवतात आणि हेलियम वायूचा शोध इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांना तिथेच लागला असं अभिमानानं सांगतात. १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. पण १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी लॉकियर भारतात नव्हते. ते ग्रहण गुंटूरहून बघितलं ते फ्रान्सच्या पिएर जान्सन यांनी. लॉकियर यांनी त्यानंतर दोन महिन्यांनी, २० ऑक्टोबरला, इंग्लंडमधूनच ग्रहणाशिवाय सूर्याच्या कडेचा वर्णपट घेतला आणि त्यातल्या पिवळ्या रेषेवरून नव्या मूलद्रव्याचा तर्क पुढे आला. आता इथवर सांगून थांबलात तर लोक दुखावतील, आणि त्यांचं बरोबर असेल. पुढचं सांगा. १८९५ साली विल्यम रॅमसे यांना हेलियम पृथ्वीवरच्या खनिजात सापडलं, आणि तीनच वर्षांनी, २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणासाठी खुद्द लॉकियर विजयदुर्गाला आले. मेल्पोमिनी या आरमारी जहाजावरच्या खलाशांना त्यांनी दुर्बिणी आणि कॅमेरे हाताळायला शिकवलं आणि त्यांच्याकडून निरीक्षणं घेतली. खलाशी शास्त्रज्ञांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले ती जागा म्हणजे आपला विजयदुर्ग. मला ही गोष्ट पहिलीपेक्षा जास्त आवडते, आणि ती खरी आहे. काढून घ्याल त्याच्या बदली हातात काहीतरी ठेवा, मग लोक रुसत नाहीत. त्या वक्त्यांच्या बाबतीतही ‘ते खोटारडे आहेत’ अशी सुरुवात करू नका. गावातल्या ज्यांना त्या रात्री बरं वाटलं, त्यांना तुम्ही मूर्ख म्हटल्यासारखं होईल.

राजीनामा देऊ नका. तुम्ही गेलात तर कमिटीत हा प्रश्न पडणारं कुणी उरणार नाही, आणि व्याख्यानमाला तर तुमच्या हट्टानं उभी राहिली आहे. पण नुसता विरोधही नको. एकट्या वक्त्यांविरुद्ध बोललात तर ते भांडण होईल, म्हणून सगळ्यांना लागू पडतील अशा दोनच अटी मांडा. मंचावरून कुणीही औषध सुरू किंवा बंद करायचा सल्ला देणार नाही. आणि प्रश्नांना बोलण्याइतकाच वेळ असेल. हे त्या वक्त्यांना लेखी कळवा. कबूल असतील तर येऊ देत, तुमच्या हातात तापलेल्या रेणूंचा प्रश्न आहेच. कबूल नसतील तर निर्णय त्यांनीच घेतला असं होईल. माझं स्वतःचं मत विचाराल तर यंदा त्यांना विश्रांती द्यावी, कारण एका घरात गोळ्या बंद झालेल्या आहेत आणि आणखी किती घरांत झाल्या ते कुणी विचारलेलं नाही. ते विचारा. आशाताईंना ठाऊक असेल. तो आकडा सभेत सांगा. ‘लोकांना हवं ते द्यावं’ याला त्याहून चांगलं उत्तर तुमच्याकडे असणार नाही.

मानधनाचं कोडं सोडवता येण्यासारखं आहे. ग्रामस्थ मंडळानं पैसे त्या माणसासाठी दिले की गावाच्या व्याख्यानमालेसाठी, हे अध्यक्षांनी मुंबईला फोन करून विचारावं. बहुतेकदा दुसरंच उत्तर येतं. चाकरमान्यांना आपल्या आईवडिलांच्या गोळ्यांची काळजी असतेच, तेव्हा काय घडलं ते त्यांना सरळ सांगा. कॉलेजातले शिक्षक आणि सरकारी डॉक्टर बहुधा प्रवासखर्चावर येतात. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेला पत्र लिहिलंत तर वक्त्यांची नावं मिळू शकतील. उरलेल्या पैशांतून वाचनालयाला रक्तदाब मोजायचं एक चांगलं यंत्र घ्या आणि व्याख्यानाच्या आधी तासभर आशाताईंना दारात बसवा.

अध्यक्षांना सभेआधी खासगीत भेटा, चारचौघांत नको. आणि जाताना काकूंना सोबत न्या, त्यांची हरकत नसेल तर.